कर्नल अपडेटनंतर व्हर्च्युअलबॉक्स रुसला तर

उबुंटूवर कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट झालं की व्हर्च्युअलबॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) ‘कर्नल ड्रायव्हर नाही’ म्हणतो, आणि मग लोक सगळं काढून परत टाकतात, अजिबात गरज नाहीये, बहुतेक वेळा नव्या कर्नलचे हेडर्सच (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फाइल्स) नसतात.

१. ॲप्टने बिल्ड-इसेन्शियल (कंपायलर वगैरे), डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप बनवणारं) आणि लिनक्स-हेडर्स-जेनेरिक टाका. ठरावीक व्हर्जनचे हेडर्स टाकू नका, जेनेरिकवालं पॅकेज पुढच्या कर्नलबरोबर आपोआप अपडेट होतं, खरा फायदा तोच. एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचं) कर्नल असेल तर त्याचं जेनेरिक हेडर्स पॅकेज घ्या.
२. रिबूट.
३. व्हर्च्युअलबॉक्स उबुंटूचं नसून ओरॅकलचं पॅकेज असेल तर सुडो लावून व्हीबॉक्सकॉन्फिग (ड्रायव्हर परत बनवणारी कमांड) चालवा.

फक्त सेक्युअर बूट (साइन नसलेला कोड चालू न देणारी सेटिंग) चालू असेल तर मॉड्यूल, म्हणजे तो ड्रायव्हर, साइन असावं लागतं, त्यासाठी पासवर्ड मागितला तर लक्षात ठेवा, रिबूटला निळी स्क्रीन येईल तिथे एनरोल एमओके (साइनची की मान्य करणारा पर्याय) निवडून तोच टाकायचा, घाईत कंटिन्यू बूट दाबू नका.