ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या शाफ्टचा एंड प्ले कसा मोजावा आणि कसा जुळवावा

शाफ्ट आपल्या अक्षाच्या दिशेने पुढे-मागे जितका सरकतो, त्या अंतराला एंड प्ले म्हणतात. तिरप्या दात्यांचे गिअर ॲक्सिलरेटर दाबल्यावर शाफ्टला एका बाजूला आणि पाय काढल्यावर दुसऱ्या बाजूला रेटतात, त्यामुळे सायन ते घाटकोपर रांगत जाणाऱ्या गाडीत हा रेटा सतत दिशा बदलत असतो. प्ले जास्त असेल, तर थ्रस्ट वॉशरवर, म्हणजे हा अक्षीय रेटा झेलणाऱ्या चकतीवर, ठोके बसून तो झिजतो. फारच कमी असेल, तर तेलाचा थर टिकत नाही आणि बेअरिंग तापते.

पहिले माप गिअरबॉक्स उघडण्यापूर्वीच घ्यावे. अनेकजण ही पायरी घाईत वगळतात, पण कोणता वॉशर किती झिजला असेल याचा अंदाज त्याच आकड्यावरून येतो.

डायल गेज (सरकण्याचे अंतर दाखवणारे काट्याचे माप), त्याला धरून ठेवणारा मॅग्नेटिक बेस आणि जाडी मोजणारा मायक्रोमीटर ही साधने मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या दुकानांत मिळतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत मायक्रोमीटरवर गंज चढू नये म्हणून तो तेलाचा हात फिरवून डबीत ठेवावा.

गिअरबॉक्स इनपुट शाफ्ट वर येईल असा उभा ठेवावा. त्याची केसिंग ॲल्युमिनियमची असल्याने तिला चुंबक चिकटत नाही. म्हणून केसिंगच्या बोल्टच्या भोकात लोखंडी पट्टी घट्ट बसवून त्या पट्टीवर बेस ठेवावा. गेजची काडी शाफ्टच्या टोकावर, अक्षाला अगदी समांतर टेकवावी, कारण ती तिरपी राहिली की येणारा आकडा खरा नसतो. शाफ्ट खाली दाबून गेज शून्यावर आणावा, मग शाफ्ट न कलता सरळ वर ओढून आकडा वाचावा. असे किमान तीनदा करावे आणि आकडे जुळत नसतील, तर बेस हलतो आहे का ते आधी पाहावे.

जुळणीनंतरचे माप घेताना ऑइल पंपाखाली नवे गॅस्केट असले पाहिजे आणि बोल्ट टॉर्क रेंचने ठरलेल्या ताणाला आवळलेले असले पाहिजेत. गॅस्केटशिवाय घेतलेले माप निरुपयोगी असते. पंप हाताने खाली बसत नसेल, तर तो बोल्टने ओढून कधीही बसवू नये. अशा वेळी आत क्लचच्या प्लेटा स्प्लाइनमध्ये, म्हणजे त्यांना अडकवणाऱ्या खाचांत, पूर्ण उतरलेल्या नसतात आणि जोर लावल्यास त्या मोडतात. बोल्ट आवळताना शाफ्ट सतत फिरवत राहावा आणि तो अडला की तिथेच थांबावे.

आता हिशेब. समजा, सर्व्हिस मॅन्युअलमधील मर्यादा ०.३० ते ०.७० मिमी आहे, प्ले ०.९५ मिमी भरला आणि निवडीच्या, म्हणजे वेगवेगळ्या जाडीत मिळणाऱ्या, वॉशरची जाडी १.५० मिमी आहे. मधला ०.५० मिमी प्ले हवा असेल, तर ०.४५ मिमीने जाड, म्हणजे १.९५ मिमीचा वॉशर लागेल. तो मिळत नसल्यास २.०० मिमीचा घेतला तरी ०.४५ मिमी प्ले राहतो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, मर्यादा प्रत्येक मॉडेलची वेगळी असते.

वॉशरवर छापलेल्या खुणेवर विसंबू नये, जाडी मायक्रोमीटरने स्वतः मोजावी. जाडी बदलायची ती मॅन्युअलने निवडीसाठी नेमून दिलेल्या वॉशरचीच. जुना वॉशर ओरखडलेला असेल किंवा सुई-बेअरिंगच्या पृष्ठभागावर खड्डे दिसत असतील, तर जाड वॉशर घालून प्ले लपवू नये. आधी तो भाग बदलावा आणि मग नव्याने मोजावे. नवा वॉशर जागेवरून सरकू नये म्हणून त्याला थोडे व्हॅसलीन लावून चिकटवावे, ग्रीस वापरू नये, कारण ते ट्रान्समिशनच्या तेलात नीट विरघळत नाही. पंप पुन्हा आवळल्यावर माप परत घ्यावे आणि आलेला आकडा गाडीच्या जॉब कार्डावर लिहून ठेवावा.