पोट्टं एकटंच बडबडतं? बडबडू द्या, फक्त असं बडबडायला लावा

दहावीतलं पोट्टं सपरीत फेऱ्या मारत स्वतःशीच बोलून राहिलं की घरातून आवाज येतोच, "काहून बे, याड लागलं काय?" याड नाही लागलं, अभ्यास सुरू आहे. लेव व्हिगोत्स्की म्हणून एक सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ होता, १९३४ मध्ये वारला, त्याचं म्हणणं होतं की लेकरू आधी मोठ्यानं बोलून स्वतःला वाट दाखवतं, मग पुटपुटतं, मग ते बोलणं आत जातं. अन् काम अवघड आलं की पुन्हा तोंड सुरू, कापसाच्या पट्टीचा हिशोब करणारा बाप बघा ना.

आधी छोटा तुकडा घ्या, अख्खा धडा नको. समजा सोडियम. वही बंद करून मोठ्यानं: "सोडियम, अणुअंक ११, इलेक्ट्रॉनची मांडणी २, ८, १. बाहेरचा एक देऊन टाकते म्हणून संयुजा १." प्रत्येक वाक्यानंतर स्वतःलाच विचारायचं, काहून? घोकलेलं असेल तर इथंच जीभ अडकते, अन् जिथं अडकली तेवढंच पुस्तक उघडून बघायचं, बाकी पानं कशाला चाळता. ऐकायला कोणी नसेल तर गोठ्यातल्या म्हशीला सांगा, ती मधात बोलत नाही.

"मी ढ आहे" सुरू झालं तर स्वतःचं नाव घ्यायचं: "पायल, आता पुढं काय?" यानं घाबरणं कमी होतं.

आता खेळ. जुन्या लग्नपत्रिका कापा, पहिल्या २० मूलद्रव्यांच्या चिठ्ठ्या करा, पुढं नाव, मागं मांडणी. फरशीवर खडूनं अष्टचंगा आखा, फासे म्हणून फोडलेले चिंचोके. गोटी हलवायची तर चिठ्ठी काढून मांडणी अन् कारण दोन्ही सांगायचं, चुकलं तर गोटी जागेवर अन् चिठ्ठी ढिगाच्या खाली. दुसऱ्याची गोटी मारायची असेल तर दोन चिठ्ठ्या! पंच म्हणून धाकट्या बहिणीला बसवा, ती सोडत नाही. लाईन गेली तर चिठ्ठ्या ठेवून द्या, एकानं नाव घ्यायचं, दुसऱ्यानं मांडणी.

उद्या परत तेच खेळा, विसरलेलं तेव्हाच कळतं.

परीक्षा जवळ आली की आवाज कमी करत न्या, आधी पुटपुट, मग नुसते ओठ, मग तेही बंद करून लिहायचं, कारण हॉलमध्ये बडबडलं तर सर पेपर घेऊन टाकतील.