तुटलेला स्टड वेल्डिंगने काढायचा तर: नवीन पोरांसाठी माझा अनुभव

आयटीआयला वेल्डर ट्रेड एक वर्षाचा, त्यात फिलेट, बट, पाइप, गॅस कटिंग सगळं शिकवतात, पण इंजिनच्या हेडमध्ये तुटून बसलेला स्टड, म्हणजे ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा, कसा काढायचा हे कुणी शिकवत नाही. मी ते गॅरेजवर शिकलो, कोल्हापूरकडं, जिथं निम्मी कामं उसाच्या ट्रॅक्टरची असायची. आणि खरं सांगतो, मला गिऱ्हाईक मिळवून दिलं ते याच कामानं. ग्रिल न् शेड करणारे वेल्डर गल्लोगल्ली आहेत, पण "स्टड तुटलाय, हेड न उतरवता काढशील का" याला हो म्हणणारा माणूस तालुक्याला एखाद-दुसरा असतो.

पहिल्याच वर्षी मी यात मोठी चूक केली होती. ट्रॅक्टरच्या मॅनिफोल्डचा, म्हणजे हेडला जोडलेल्या हवा-धुराच्या पाइपांचा, ८ एमएमचा स्टड तुटला, मी मधोमध होल मारलं, ईझीआउट (होलात उलटा पिळून तुटका स्टड काढायचं हत्यार) घातला आणि जोर लावला, आणि ईझीआउटच आत तुटला. तो असतो कडक स्टीलचा, त्यावर साधं ड्रिल नुसतं घसरतं, पकडच घेत नाही. शेवटी हेड उतरवून स्पार्क इरोजनवाल्याकडं (विजेच्या ठिणगीनं कडक धातू झिजवून काढतात तिथं) द्यावं लागलं, ऐन कारखाना चालू असताना ट्रॅक्टर चार दिवस उभा. मालक रोज सकाळी यायचा, दारात उभा राहायचा आणि काही न बोलता जायचा, ते मला फार लागलं. मिस्त्री एवढंच म्हणाले, "अरे, जो स्टड पान्यानं तुटला तो त्याच्याहून बारीक ईझीआउटला कसा सुटेल? त्याला तापवल्याशिवाय तो सोडणार नाही."

हेच पहिलं डोक्यात बसवा. पद्धत अशी: तुटलेल्या स्टडवर नट ठेवायचा, नटाच्या भोकातून तो स्टडला वेल्ड करायचा आणि मग नटाला पाना लावून स्टड फिरवायचा. वेल्ड करून नट चिकटवला तो फक्त धरायला, स्टड सुटतो तो तापानं. लोखंड तापलं की फुगतं, १० एमएमचा स्टड ५०० डिग्रीनं तापला तर साधारण ०.०६ एमएम जाड होतो. दिसायला काहीच नाही, पण तो बाजूच्या थंड धातूत अडकलेला असतो, फुगायला जागा नाही, म्हणून आट्यांमधला गंज भरडला जातो, आणि गार होताना स्टड आकसला की तिथं बारीकशी फट पडते. म्हणून पहिल्या फटक्यात नाही निघाला तर निराश होऊ नका, प्रत्येक वेल्ड म्हणजे तापवण्या-गार करण्याचा एक फेरा आहे. मला एकेका स्टडला चार-पाच नट लावायला लागलेत.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीला तर नक्कीच. अर्थिंगचा क्लॅम्प त्याच पार्टला, स्टडच्या जितका जवळ लावता येईल तितका, चेसीला कुठंतरी लांब लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगवर डाग पडतात. डिझेलची पाइप, ऑइलचे बोळे बाजूला, बाटलीत पाणी भरून जवळ. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, ब्रेक क्लीनर मारून पार्ट साफ केला असेल आणि त्यात क्लोरीन असेल तर त्यावर आर्क मारायचा नाही म्हणजे नाही, विषारी वायू तयार होतो. वायर ब्रश आणि ग्राइंडरनंच साफ करा.

नट काळा घ्यायचा. चकाकणारा झिंकचा नट लावला तर पांढरा धूर येतो आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, मी एकदा भोगलंय. दुसरा नसलाच तर कोटिंग घासून काढा आणि पंखा लावा. साइज एक नंबर मोठी, ८ च्या स्टडला १० चा नट, कारण भोक मोठं असेल तरच रॉड तळापर्यंत पोचतो.

स्टड थोडा वर असेल तर सोपं. सरफेसच्या लेव्हलला असेल तर आधी वॉशर ठेवून तो स्टडला वेल्ड करायचा, मग त्यावर नट. आत खोल गेला असेल तर आधी स्टडच्या डोक्यावर थेंब थेंब टाकत मेटल वर आणायचं आणि मग नट. २.५ एमएमचा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड, ८०-९० अॅम्पिअर, आर्क बरोबर स्टडच्या मधोमध पेटवायचा, भिंतीला नाही. रॉडच्या कामात प्रत्येक थेंबानंतर स्लॅग (वेल्डवर बसणारी काळी खपली) टोकून, ब्रश मारून साफ करायचा, नाहीतर पुढचा थेंब स्लॅगवर बसतो आणि पाना लावला की सगळी टोपी हातात येते. सीओटू मशीन (रॉडऐवजी वायरनं वेल्ड करणारं) असेल तर ही कटकट नाही, पण तिथं घाईत वायर नुसती वर साचते आणि खाली जोड धरत नाही, म्हणून थंड स्टडवर पहिला थेंब जरा गरम मारा.

अॅल्युमिनियमच्या हेडात हे काम उलट सोपं जातं, स्टीलचं वेल्ड अॅल्युमिनियमला धरतच नाही, त्यामुळं भोकात मेटल भरलं तरी आटे बऱ्यापैकी वाचतात. फक्त आर्क भिंतीवर रेंगाळू द्यायचा नाही, अॅल्युमिनियम ६६० डिग्रीलाच वितळतं. बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) पार्टला जास्त जपावं लागतं. बिडाला चुकून थेंब लागला तर ती जागा काचेसारखी कडक होते, मग ना ड्रिल चालत ना टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार).

वेल्ड झालं की हात आवरायचा, माझ्या मते सगळ्यात अवघड हेच आहे. नट लालभडक असताना फिरवला तर जोड मऊ असतो, पिळवटून तुटतो. लाली जाऊ द्या, अगदी गार मात्र नको. मग साधी मेणबत्ती घेऊन नटाच्या बुडाशी टेकवायची. मेण वितळून चर्र करतं, थोडा धूर येतो आणि बघता बघता ते आट्यांमध्ये ओढलं जातं, डोळ्यानं दिसतं कसं आत जातंय ते. मग पाना लावून आधी घट्ट करायच्या दिशेनं किंचित, मग सोडायच्या दिशेनं किंचित, पुन्हा उलट. नुसतं सोडायच्या दिशेला लटकायचं नाही. हाताला कळतं, स्टड पिळ खात असेल तर स्प्रिंगसारखा परत येतो, आणि सुटला असेल तर बारीक कुरकुर करून जागेवरच थांबतो. ती कुरकुर आली की काम झालं समजा, पण तरीही पाव पाव आटा पुढं-मागं करतच बाहेर आणायचा. पाणी ओतून गार करायचं नाही, बीड तडकतं.

१०.९ किंवा १२.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट मात्र त्रास देतात, वेल्डच्या कडेला कडक होऊन टकदिशी तुटतात. त्यांना आधी गॅस टॉर्चनं थोडं गरम करून घ्यायचं, वेल्डनंतर सावकाश गार होऊ द्यायचं.

शिकायचं असेल तर गिऱ्हाइकाच्या इंजिनवर सुरुवात करू नका, हात जोडून सांगतो. भंगारातून बिडाचा एखादा जुना मॅनिफोल्ड किंवा पंपाची बॉडी आणा, गंजलेले बोल्ट मुद्दाम ग्राइंडरनं लेव्हलला कापा आणि काढत बसा. माझ्याकडं येणाऱ्या पोराला मी असे वीस काढायला लावतो, तुटलेले नट फेकायचे नाहीत, जोड कुठून तुटला ते उलटून बघायचं. खाली चमकदार दाणे दिसले तर धरलं होतं पण ताकद जास्त लावली, काळा स्लॅग दिसला तर साफ केलं नव्हतं.

स्टड निघाल्यावर भोकात हातानंच टॅप फिरवून आटे साफ करायचे, हवा मारायची, आणि नवीन स्टडला कॉपर ग्रीस लावून बसवायचा. मॅनिफोल्डचा असेल तर इंजिन एकदा गरम करून, गार झाल्यावर नट परत चेक करायचे. आणि शेजारचे तीन स्टडही त्याच दिवशी बघून घ्या, एक तुटला तर बाकीचेही तेवढ्याच वर्षांचे असतात.