पेठेतल्या एका गल्लीत लोकांचा कार्यक्रम कसा करायचा

पुण्यातल्या जुन्या पेठांचा विषय निघाला की लोक लगेच म्हणतात, आता तिकडे काय उरलंय, पार्किंग नाही, जुने वाडे पडले, सगळे कोथरूड-बाणेरला गेले. मला हे पटत नाही. मंडई आहे, तुळशीबाग आहे, तांबट आळीत तांब्याची भांडी घडवणाऱ्यांचे ठोके अजून ऐकू येतात, जूनमध्ये शाळा सुरू होताना पुस्तकांच्या दुकानांसाठी अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. अडचण एवढीच की माणूस येतो, खरेदी उरकतो आणि गाडी काढून पळतो, घटकाभर थांबावं असं तिथे काही नसतं. गल्लीतल्या लोकांनी मिळून केलेला छोटा कार्यक्रम ती थांबायची सवय परत लावू शकतो, आणि गल्लीत माणसं थांबायला लागली की दुकानं टिकतात, मग हळूहळू दिवे, फूटपाथ, बाकं मागायलाही जोर येतो. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिलं म्हणजे जागा लहान घ्या. महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रोडचा काही भाग गाड्यांना बंद करून पादचारी दिन केला, पुढेही डिसेंबरमध्ये करत राहिले, चांगलंच झालं, पण ती यंत्रणा महापालिकेची. आपण दहा-पंधरा जण असू तर शंभर-दीडशे मीटरची एक गल्ली पुरे. दोन्ही तोंडं स्पष्ट हवीत आणि गाड्यांना शेजारून जायला दुसरा रस्ता हवा. मंडई किंवा कसबा पेठ मेट्रो स्टेशनपासून चालत येता येईल अशी मिळाली तर फारच उत्तम, हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून "गाडी कुठे लावू" या प्रश्नाला आपल्याकडे निदान एक सरळ उत्तर आहे. पोस्टरवर पार्किंगचा नकाशा छापू नका, स्टेशनचं नाव मोठ्या अक्षरात छापा.

मग ती गल्ली वेगवेगळ्या वेळी बघा. सकाळी शटर उघडताना, भर दुपारी, आणि संध्याकाळी सातला गर्दीत. मालाचा टेम्पो कुठे लागतो, हमाल कुठून माल आत नेतात, कुठल्या वाड्यातून रोज दुचाक्या बाहेर पडतात, कुणाच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे ज्याला कधीही हलवावं लागेल, केबल कुठे खाली लोंबतायत, विजेचा डीपी, म्हणजे वीज वाटपाची पेटी, कुठे आहे, हे सगळं वहीत उतरवा. नंतर टेप आणि खडू घेऊन जा आणि अग्निशमनचा बंब किंवा अँब्युलन्स आत येईल एवढी वाट दोन्ही बाजूंनी जमिनीवर आखून टाका. हे सगळ्यांसमोर करा, कारण खडूची रेघ बघितली की लोक आपोआप बाहेर येतात, "काय चाललंय?" विचारतात, आणि तिथेच निम्मी बोलणी होऊन जातात. टेबल, खुर्च्या, स्टेज, काहीही त्या रेघेच्या आत येणार नाही, हे त्याच दिवशी ठरवून टाका.

आता खरा वेळ द्यायचा तो बोलण्याला. परवानग्यांच्या आधी. दुकानदार काका हमखास म्हणणार, "ताई, रस्ता बंद केलात की माझं गिऱ्हाईक तुटतं." त्यांची भीती खरी आहे, वाद घालू नका. त्यांना विचारा, काका तुमचा गल्ला कुठल्या वारी, कुठल्या वेळी सगळ्यात कमी असतो? दहा जणांना विचारलंत की वेळ आपोआप ठरते. आणि त्यांना प्रेक्षक म्हणून बसवू नका, दुकानासमोर टेबल मांडायला सांगा, एरवी आत कपाटात पडून राहतं ते त्या दिवशी बाहेर येऊ दे. पितळेची भांडी विकणाऱ्याने जुन्या भांड्यांची नावं आणि उपयोग सांगितले तर लोक घोळका करून ऐकतात, आजी लोक तर स्वतःहून त्याला दुरुस्त्या सुचवतात.

पथारीवाल्यांशी वेगळं आणि आधी बोला. त्या गल्लीत पंचवीस वर्षं गजरे विकणाऱ्या मावशी पहिलाच प्रश्न विचारतील, "आम्हाला उठवणार असाल तर आत्ताच सांगा." त्यांना उठवून केलेला कार्यक्रम मी कार्यक्रम मानत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्या व्यवसायाला संरक्षण आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी गल्ली रोज जिवंत ठेवणारी माणसं तीच आहेत. बंबाच्या वाटेसाठी कुणाला चार हात सरकावं लागत असेल तर नवी जागा त्यांनाच निवडू दे, तिथे खडूने त्यांचं नाव लिहा आणि त्या दिवशी बाहेरून त्याच मालाचा स्टॉल आणू नका. गजरे त्या मावशींचेच, भेळ कोपऱ्यावरच्या भाऊंचीच, चहा गल्लीतल्या अमृततुल्यचाच. बाहेरचे फूड ट्रक वगैरे आणले की गर्दी दिसते पण पैसा गल्लीत राहत नाही, संध्याकाळी निघून जातो.

तारखेचं सांगते. गणपती, दिवाळी, लग्नसराई टाळा, दुकानदाराला मान वर करायला वेळ नसतो आणि पोलिसांनाही. पालखी मुक्कामाला असते तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेकडे तर विचारच नको. फेब्रुवारी-मार्चला बोर्डाच्या परीक्षा, स्पीकर लावला तर घराघरातून शिव्या. मला विचाराल तर पौष महिना बेस्ट, लग्नं नाहीत, कपड्याची आणि भांड्यांची दुकानं थंड, हवा छान, दुकानदार स्वतःच गिऱ्हाईक शोधत असतो.

परवानगीसाठी निदान महिनाभर हातात ठेवा. मध्यवस्तीचा बराच भाग कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयाकडे येतो, रस्ता आणि मांडव यांचा अर्ज तिथे. कार्यक्रम आणि स्पीकर यासाठी तुमचं पोलीस स्टेशन, फरासखाना, विश्रामबाग की खडक ते आधी नक्की करा कारण पेठांत हद्द दोन चौकांत बदलते. रस्ता बंद करायचा आणि वाहतूक वळवायची तर वाहतूक शाखा. विजेची तात्पुरती जोडणी महावितरणकडून रीतसर घ्या, खांबावरून आकडा टाकायचा नाही. खाण्याचे स्टॉल असतील त्यांची अन्न सुरक्षा नोंदणी बघून घ्या. प्रत्येक अर्जाला खडूवाल्या रेघेचा नकाशा आणि दुकानदारांच्या सह्यांचा कागद जोडा, सह्या बघितल्या की समोरचा अधिकारी वेगळ्या नजरेने बघतो, आणि पोचशिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद हा नियम आहेच, दिवसाही निवासी भागात ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रुग्णालय, शाळा, कोर्टापासून शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं. माझं मत, मोठा स्पीकर लावूच नका. छोट्या गल्लीत लागत नाही, आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा पुढच्या वेळी तुमच्या बाजूने उभे राहतात.

कार्यक्रमात काय ठेवायचं? ऑर्केस्ट्रा नको. तिथलं जे आहे तेच उघडं करून दाखवा. तांबट आळी जवळ असेल तर मठारकाम, म्हणजे हातोडीने भांड्यावर ठोके पाडायचं काम, करणाऱ्या एखाद्या कारागिराला मान देऊन बोलवा, योग्य मानधन द्या, पोरांच्या हातात हातोडी द्यायला सांगा. तांब्याच्या पत्र्यावर एकसारखे ठोके पाडायचे म्हणजे काय हे स्वतः चार ठोके मारल्यावर कळतं, वाकडातिकडा तुकडा पोरं जपून घरी नेतात. बुरूड आळीतले टोपल्या विणणारे आहेत. मंडईची इमारत १८८६ ची, विश्रामबागवाडा १८०७ चा, तासाभराची चालत फेरी काढली तर सांगायला भरपूर आहे, फक्त सांगणारा माणूस गल्लीत वाढलेला असला तर जास्त रंगतं. घरोघरचे जुने फोटो मागवा, झेरॉक्स काढून दोरीवर लावा, मूळ फोटो लगेच परत करा.

माणसं आणि मांडणी यासाठी मंडळाच्या पोरांकडे जा. दोरी कुठे बांधायची, गर्दी कशी वळवायची, लाइट गेली तर काय, हे त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. पण काम वाटून द्या, कागदावर नावानिशी. पैशासाठी वर्गणी आणि पावती पुस्तक हीच पद्धत चालते, मोठा स्पॉन्सर घेतला की सगळीकडे त्याचेच फलक लागतात. हिशेब दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी चिकटवा.

दोन गोष्टी हमखास राहतात, स्वच्छतागृह आणि कचरा. बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं दोन तास थांबायची तर स्वच्छतागृह लागतंच, त्यामुळे तीन-चार दुकानदारांकडून आधी होकार घ्या आणि बाहेर बाणाची पाटी लावा. कचऱ्यासाठी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताईंशी आधी बोला, वेगळे डबे ठेवा, जास्तीच्या कामाचे पैसे द्या. रात्री गल्ली झाडून, खडू पुसूनच घरी जायचं.

कार्यक्रम संपला की आठवड्याभरात प्रत्येक दुकानात परत जा. विक्री किती झाली, नवं कुणी आलं का, कुणाला त्रास झाला का, लिहून घ्या. लोक कुठे टेकले, कुठे अंधार होता, कुठली फरशी उचकटलेली निघाली हे फोटोसकट नोंदवा. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायची सोय आहे, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो, साधारण पावसाळा सरता सरता मागवतात. त्यात "परिसर सुधारा" असलं मोघम लिहू नका. अमुक दुकानासमोर दोन बाकं, अमुक वाड्याच्या कोपऱ्यावर दिवा, इतके मीटर फूटपाथ, असं लिहा, फोटो आणि सह्या जोडा, आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख त्याच अर्जाच्या वेळी दुकानदारांबरोबर ठरवून टाका.