सुट्टीत काम शोधताय? या चुका टाळा

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ माझं पाठ्यपुस्तकांचं दुकान आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, त्यामुळे मे अर्धा सरला की गर्दी सुरू होते. तेवढ्या दीड महिन्यासाठी दरवर्षी दहावी-अकरावीची दोन-तीन मुलं मी हाताखाली घेतो. मुलं कष्टाला कमी पडत नाहीत. पण काम मागतानाच त्याच त्या चुका होतात आणि चांगली मुलं रिकाम्या हाती परत जातात, याचं मला वाईट वाटतं.

मला सगळ्यात जास्त खुपणारी चूक म्हणजे "काका, काहीही काम चालेल" हे वाक्य. मुलाला वाटतं आपण नम्रपणे बोललो. मला मात्र कळत नाही की याला उभं कुठे करू. शाळेची यादी वाचून संच काढणं, गठ्ठे बांधणं, बिलाची बेरीज तपासणं, रद्द झालेल्या आवृत्त्या बाजूला काढणं, अशी नेमकी कामं इथे असतात.

एका वर्षी एक मुलगी आली. आत येण्याआधी ती बराच वेळ समोरच्या फुटपाथवर उभी राहून बघत होती. म्हणाली, "काका, लोक यादी हातात धरून ताटकळतात. मी याद्या आधी गोळा करून संच काढून ठेवीन. सेमीचं गणित-विज्ञान इंग्रजीतून असतं आणि बाकीचे विषय मराठीतून, ते मला माहीत आहे. मी सेमीचीच आहे." सेमीच्या संचात मराठी गणित गेलं की दुसऱ्या दिवशी पालक भांडायला येतात, हे तिला न सांगता कळलं होतं. तिला मी तिथल्या तिथे उद्यापासून यायला सांगितलं.

म्हणून आधी दुकान बघा, मग आत या. सकाळी अकराच्या सुमाराला या, संध्याकाळी सहाला मला मान वर करायलाही फुरसत नसते. आईवडिलांना बोलायला पुढे करू नका. त्यांची परवानगी मी स्वतः फोन करून विचारतो, पण काम तुम्हीच मागा.

दुसरी चूक गाडीची. अकरावीतल्या एका मुलाला मी कोथरूडला पुस्तकांचा गठ्ठा पोचवायला सांगितलं, बसचे पैसेही दिले. वेळ वाचेल म्हणून त्याने घरून आईची स्कूटर काढली. डेक्कनला वाहतूक पोलिसांनी अडवलं. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, असं तो सांगत राहिला. ते मिळतं, पण 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी. घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर 110 किंवा 125 सीसीच्या असतात. त्याची आई ड्यूटी अर्धवट टाकून धावत आली. तिचा चेहरा मी अजून विसरलो नाही.

मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा वेळी पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. एवढं सगळं अर्धा तास वाचवण्यासाठी! तेव्हापासून अठरा वर्षांखालच्या मुलाला मी दुकानाबाहेरचं काम देत नाही.

पैशाचं बोलायला लाजू नका. रोज किती, आठवड्याला की महिन्याला, सुट्टी कुठल्या वारी, हे पहिल्याच दिवशी विचारा आणि वहीत लिहून ठेवा. मालक चिडला तर तिथे थांबू नका.

कायद्याने ठरवलेल्या वेळाही माहीत असू द्या. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवता येत नाही, शाळा सांभाळून घरच्या व्यवसायात मदत करणं तेवढं चालतं. चौदा ते अठरा वयाला धोक्याची कामं बंद, सलग तीन तासांनंतर तासभर विश्रांती, ती धरून दिवसाला सहा तास, आठवड्याला एक सुट्टी, आणि संध्याकाळी सातनंतर सकाळी आठपर्यंत काम नाही. माझ्याकडची मुलं अकराला येतात, दोनला जेवतात, पाचला घरी जातात. सीझन आहे म्हणून रात्री दहापर्यंत थांबवणारे दुकानदार मला पटत नाहीत.

घरबसल्या टायपिंग किंवा व्हिडिओ लाइक करण्याच्या कामासाठी कोणी आधी पैसे मागितले, तर ती फसवणूकच. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि उशीर करू नका. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, मुलं मेच्या शेवटी दारात येतात. माझी माणसं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातच ठरलेली असतात.