मॉडसाठी जुना गिटार अ‍ॅम्प घेताय? टोन मागाहून, आधी लोखंड बघा

वापरलेला अ‍ॅम्प बघायला गेलेल्या गिटारवाल्याचं ठरलेलं असतं. गिटार लावायची, डोळे मिटायचे, ब्लूजचा एक तुकडा वाजवायचा आणि ‘काय टोन आहे यार’ म्हणत खिशात हात घालायचा. तो अ‍ॅम्प आहे तसाच वाजवायचा असेल तर माझी काही हरकत नाही. पण घरी नेऊन त्याचं पोट उघडायचं, प्रीअ‍ॅम्प (गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणारा भाग) बदलायचा, टोन स्टॅक (बास-ट्रेबलच्या नॉबांचं सर्किट) बदलायचा, थोडक्यात मॉड करायचा असं मनात असेल, तर तो आज कसा वाजतो याला फारसा अर्थ नाही. तो आवाज तुम्ही घालवणारच आहात. टोन बदलणारे रेझिस्टर लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत चहाच्या पैशांत मिळतात, कपॅसिटर फार तर वडापावच्या. सहजासहजी मिळत नाहीत ते ट्रान्सफॉर्मर, धड चासी (सगळे भाग बसवलेला धातूचा सांगाडा) आणि न फुगलेलं लाकडी खोकं. मी पैसे त्यांचे मोजतो.

हा उद्योग नवा नाही. लंडनमध्ये १९६२ साली जिम मार्शलच्या दुकानात जेटीएम ४५ तयार झाला तो फेंडर बासमनच्या सर्किटवरून. पुढे रँडल स्मिथने फेंडर प्रिन्स्टनच्या चिमुकल्या खोक्यात दांडगं सर्किट आणि १२ इंची स्पीकर कोंबला आणि त्यातून मेसा बूगी उभी राहिली. तेव्हा दुसऱ्याच्या अ‍ॅम्पमध्ये हात घालताना संकोच बाळगू नका. फक्त कोणत्या अ‍ॅम्पमध्ये घालायचा ते नीट ठरवा.

डोंबिवलीत माझ्या टेबलावर कोणी पहिलाच मॉड करायला बसणार असेल तर मी एपिफोन व्हॉल्व्ह ज्युनिअर शोधायला सांगतो. ५ वॅट, एक १२एएक्स७ (प्रीअ‍ॅम्पची ट्यूब, म्हणजेच व्हॉल्व्ह), एक ईएल८४ (स्पीकरला ताकद देणारी पॉवर ट्यूब) आणि समोर व्हॉल्यूमचा एकच नॉब. आत इतकं कमी आहे की कागदावरचं सर्किट आणि समोरचा बोर्ड यांची जुळणी एका बैठकीत डोक्यात बसते. दुसरा फेंडर ब्लूज ज्युनिअर: १५ वॅट, तीन १२एएक्स७, दोन ईएल८४. याचे ट्यूब सॉकेट थेट सर्किट बोर्डवर असतात, त्यामुळे ट्यूबची धग बोर्डला लागते आणि ट्यूब उपसताना जोरही बोर्डवरच येतो. मला ती रचना आवडत नाही. पण त्याचं सर्किट सगळीकडे उपलब्ध आहे आणि जगभरच्या लोकांनी त्यात काय काय केलंय ते वाचायला मिळतं, म्हणून शिकायला तो चांगला.

तिसरा पर्याय आपल्याकडचा आहे. मांडववाल्याच्या गोदामात धूळ खात पडलेला व्हॉल्व्हचा जुना पीए (भोंगे-माइकचा) अ‍ॅम्प. जन्मापासून २३० व्होल्टचा, ट्रान्सफॉर्मर उचलताना कंबर आठवते, आणि चासीवर मोकळी जागा भरपूर. मात्र मागच्या टर्मिनलवर ४, ८ किंवा १६ ओहमचा टॅप (स्पीकर जोडायचं टोक) आहे का ते आधी बघा. नुसती १०० व्होल्ट लाइन (लांबवरच्या भोंग्यांसाठीची जोडणी) असेल तर गिटारचा स्पीकर तिथे थेट लावता येत नाही.

आता ट्रान्सफॉर्मर. इथे घाई करू नका.

पॉवर ट्रान्सफॉर्मरला दोन कामं असतात: ट्यूबला उच्च दाब (व्होल्टेज) देणं आणि हीटर, म्हणजे ट्यूबमधली तापणारी वात, पेटते ठेवणं. मॉडच्या स्वप्नात लोक दुसरं विसरतात. एक जादा १२एएक्स७ बसवायचा तर हीटरला ०.३ अँपिअर जादा लागतात, ते बहुतेक ट्रान्सफॉर्मर पचवतात. पण ‘ईएल८४ काढून ईएल३४ लावू, मार्शलसारखा गरजेल’ म्हणणाऱ्याने हिशोब करावा. ईएल८४ हीटरला ०.७६ अँपिअर घेते, ईएल३४ दीड. म्हणजे जोडीमागे दीडवरून थेट तीन. शिवाय पॉवर ट्यूब आणि स्पीकर यांच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरचंही जुळत नाही. ईएल८४ च्या जोडीला प्रायमरी (ट्यूबकडचं वाइंडिंग) साधारण ८ किलोओहम लागते, ईएल३४ च्या जोडीला साडेतीनच्या आसपास. दोन्ही ट्रान्सफॉर्मर बदलायचे तर मग अ‍ॅम्प विकत कशाला घेतला? त्यापेक्षा ६व्ही६ या पॉवर ट्यूबकडे वळा. हीटरला ०.४५ अँपिअर, प्रायमरीही ८ किलोओहमच्या जवळपास चालते. सॉकेट तेवढं आठ पिनांचं बसवावं लागेल, म्हणून चासीत भोक पाडायला जागा आहे का ते विकत घेतानाच बघायचं.

परदेशातून परतलेल्या मंडळींचे अ‍ॅम्प स्वस्तात मिळतात. मागच्या पाटीवर १२० व्होल्ट लिहिलंय म्हणून स्टेपडाउन (२३० चे १२० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर) लावला की काम झालं असं नाही. पाटीवर ‘५०/६० हर्ट्झ’ आहे की नुसतं ‘६०’, ते वाचा. फक्त ६० साठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जादा तापतो, आणि तुम्ही वर आणखी ट्यूब लावणार. पॉवर ट्रान्सफॉर्मर नवा गुंडाळून देणारे कारागीर शहरात सापडतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये मात्र प्रायमरी-सेकंडरीचे थर एकमेकांत गुंफलेले असतात आणि ते जमणारे हात मोजके, म्हणून तो मूळचा शाबूत हवा.

बघायला जाताना आपली गिटार, आपली केबल, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर आणि एक खात्रीची १२एएक्स७ न्या. चालू करायच्या आधी मागची फळी काढायला सांगा. विकणारा कां-कूं करायला लागला तर चहा पिऊन निघा.

किनारपट्टीवरचा अ‍ॅम्प असेल, विशेषतः गोव्यात वर्षानुवर्षं बीचवर वाजलेला, तर टॉर्च आधी ट्यूब सॉकेटवर मारा. पिना हिरवट, ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांवर गंजाची पापडी, स्क्रूची डोकी खाल्लेली, असं दिसतं. पिना आणि जॅक बदलता येतात. पत्र्यांवरचा वरवरचा गंज चालतो, पण गंजाचं पाणी वाइंडिंगपर्यंत उतरलेलं दिसलं तर सोडून द्या. खोकं भुशाच्या बोर्डाचं असेल तर खालच्या कोपऱ्यावर अंगठा दाबा. दोन पावसाळे ओलीत काढलेला बोर्ड बिस्किटासारखा दबतो. वरचं कापड फाटलंय, नॉब हरवलेत, जाळीवर डाग आहेत, याचं दुःख करू नका, उलट भाव पाडायला ते बरं.

मग नाक जवळ न्या. ट्रान्सफॉर्मरचं वार्निश जळल्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही. बोर्डवर मोठ्या रेझिस्टरखाली तपकिरी डाग असेल तर ठीक, ते तापतातच. काळाभोर कोळसा झाला असेल तर बोर्ड तिथे वीज वाहू लागतो आणि ते निस्तरणं किचकट. फ्यूज काढून आकडा वाचा. १ अँपिअरच्या जागी ५ चा, किंवा चांदीचा कागद गुंडाळलेला दिसला, तर आत काहीतरी वारंवार उडत होतं हे विकणाऱ्याने न सांगता कळलं.

स्पीकरची तार सुटी करून मीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर सहा-सात ओहम दाखवतो. स्पीकरचा कागदी कोन दोन्ही हातांनी हलकेच आत दाबा, खरखर लागली तर कॉइल घासतेय. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेपासून दोन्ही टोकांचा रेझिस्टन्स मोजता आला तर उत्तम, पण अ‍ॅम्प बंद, प्लग काढलेला आणि कपॅसिटर रिकामे असतील तरच. आत ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही राहतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांना जोडून त्यातून कपॅसिटर रिकामे करायचे, मीटरवर शून्य बघायचं, एक हात खिशात ठेवायचा. हे येत नसेल तर येणाऱ्याला सोबत न्या. दोन्ही बाजूंत थोडा फरक असतो, बाहेरच्या वेढ्याची तार लांब असते. एक बाजू अनंत दाखवत असेल तर तो ट्रान्सफॉर्मर गेला.

स्पीकर परत जोडा, त्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प चालू करायचा नाही. अर्थिंग असलेलं थ्री-पिन सॉकेट मागा. सगळे नॉब शून्यावर ठेवून चालू करा आणि गिटार न लावता ऐका. गुणगुण कुठल्या सुरात आहे? सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी साधारण ९८ हर्ट्झ. गुणगुण त्या सुराजवळ असेल तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे बहुधा फिल्टर कपॅसिटर (विजेचे चढउतार सपाट करणारे) वाळलेत. त्याच्या एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झची. हीटर किंवा अर्थिंगकडे बघायचं. व्हॉल्यूम वाढवल्यावर गुणगुण वाढली तर दोष प्रीअ‍ॅम्पमध्ये, तशीच राहिली तर त्याच्या पुढच्या, पॉवर ट्यूबच्या भागात. यातलं बहुतेक दुरुस्त होतं, पण ‘जरा हम करतो, पण चालतो’ असं स्वतः विकणाराच म्हणतो तेव्हा ते भावात उतरायला हवं.

मग अर्धा तास वाजवत राहा. अनेक दोष गरम झाल्यावरच तोंड दाखवतात. मधेच खोलीतला दिवा घालवून पॉवर ट्यूब बघा. वातीचा नारिंगी उजेड हवाच, पण आतली करडी प्लेट लाल व्हायला लागली तर लगेच बंद करा. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेक ट्यूब हलकेच टिचकवा. स्पीकरमधून टणत्कार आला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक, म्हणजे धक्क्याचाही आवाज करणारी, तिथे आपली १२एएक्स७ लावून बघा. एखादा पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) सगळ्या फेरीत खरखरत असेल आणि सफाईच्या स्प्रेनेही गप्प बसत नसेल, तर त्यावर गळक्या कपॅसिटरमधून डीसी (एकाच दिशेची वीज) येत असण्याची शक्यता मोठी.

भाव करताना ट्यूबचा संच, फिल्टर कपॅसिटर आणि लागला तर स्पीकर यांची बेरीज वजा करून बोला. ‘मागच्याच महिन्यात सर्व्हिसिंग केलंय, साहेब’ याला बिल नसेल तर किंमत नाही. आधीच कोणीतरी हौसेने मॉड केलेला अ‍ॅम्प तर मूळ अ‍ॅम्पपेक्षा स्वस्तच मिळाला पाहिजे, कारण त्याची सोल्डरिंग उलगडण्यात तुमचे दोन रविवार जाणार.

काही अ‍ॅम्प घेऊच नका. मॉडेलिंग अ‍ॅम्प, म्हणजे दुसऱ्या अ‍ॅम्पांच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा, ज्यात सगळं चिपमध्ये आणि मुंगीएवढ्या पार्टमध्ये, तिथे मॉड करायला काही उरत नाही. आणि नशिबाने साठच्या दशकातला अस्सल, न छेडलेला फेंडर किंवा मार्शल हाती लागला तर जरूर घ्या, पण त्याला भोकं पाडू नका. तो विकून आलेल्या पैशांत मॉडला तीन अ‍ॅम्प येतील.

घरी आणल्यावर लगेच सोल्डरिंग आयर्न तापवू नका. प्रत्येक तारेचे फोटो काढा. प्रत्येक ट्यूबच्या प्लेटवर आणि कॅथोडवर किती व्होल्ट आहेत ते मोजून तारखेसह कागदावर लिहा आणि तो कागद खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. मग एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच कागदावर नवे आकडे.