बॉल मिलमध्ये तांब्याचे खनिज दळताना

मलाजखंडसारख्या खाणीतील खनिजात चॅल्कोपायराइटचे (तांबे असलेल्या खनिजाचे) कण खडकात विखुरलेले असतात आणि ते सुटे झाल्याशिवाय फ्लोटेशनच्या (बुडबुड्यांवर कण तरंगवून वेगळे करण्याच्या) टाकीत बुडबुड्यांना नीट चिकटत नाहीत. त्यामुळे बॉल मिल, म्हणजे पोलादी गोळ्यांनी खनिज दळणारे फिरते पिंप, सुरू करण्यापूर्वी, कण किती बारकाईला सुटे होतात हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, दळलेल्या मालाचा 80 टक्के भाग कोणत्या चाळणीतून पडला पाहिजे ते ठरवावे. त्याहून बारीक दळू नये. वीज वाया जातेच, शिवाय पिठासारखा झालेला माल फ्लोटेशनमध्ये हाती लागत नाही.

यानंतर वेग ठरवावा. मिलच्या आतील व्यासातून सर्वांत मोठ्या गोळ्याचा व्यास वजा करून, मीटरमधील त्या अंकाच्या वर्गमुळाने 42.3 ला भागले की क्रांतिक वेग मिळतो. 3 मीटर व्यासाच्या मिलमध्ये 75 मिलिमीटरचे गोळे असतील, तर तो मिनिटाला सुमारे 24.7 फेरे येतो. या वेगाला गोळे भिंतीला चिकटून फिरत राहतात आणि दळण थांबते, म्हणून मिल त्याच्या 70 ते 75 टक्के वेगाने, म्हणजे साधारण 17 ते 18.5 फेऱ्यांनी चालवावी.

खरे कसब पाण्यात आहे. जात्यात दाणे वैरताना हात जसा अंदाज घेतो, तसा येथे एक लिटरचा डबा आणि काटा घेतात. खनिजाचे विशिष्ट गुरुत्व 2.8 असेल, तर वजनाने 70 टक्के घन असलेली एक लिटर स्लरी (दळलेले खनिज व पाणी यांचे मिश्रण) सुमारे 1.82 किलो भरते. मिलमधून माल बाहेर पडतो त्या तोंडाशी भरलेला डबा 1.72 किलो भरला, तर घन 65 टक्क्यांवर आले आहे असे समजून पाणी थोडे कमी करावे, आणि 1.93 भरला तर वाढवावे. फार दाट स्लरीत गोळ्यांचा मारा मंदावतो, तर फार पातळ स्लरीत गोळ्यांवर खनिजाचा थर टिकत नाही आणि पोलादावर पोलाद आपटून गोळे व लायनर (मिलच्या आतले अस्तर) झिजतात.

हा बिघाड कानालाही कळतो. खणखणाट वाढला तर मिल उपाशी आहे. आवाज दबला तर ती तुंबत आहे, आणि अशा वेळी पाणी वाढवण्याच्या घाईत न पडता आधी खनिजाची आवक कमी करावी.

गोळे रोज तोलून, झिजेइतकेच आणि ठरलेल्या मोठ्या आकाराचेच घालावेत. अगदी झिजलेले गोळे स्लरीबरोबर आपोआप बाहेर पडतात.